सॉर्टेड सीमेन: पहिलारू कालवडीसाठी कितपत सोयीचं?

गोऱ्हा नको, कालवडच हवी म्हणून सॉर्टेड सीमेनची, म्हणजे मादी वासराचे शुक्राणू निवडून भरलेल्या वीर्याची कांडी (बारीक नळी) घेतली जाते. तिचा दुसरा फायदा फारसा कोणी सांगत नाही. मादी वासरू नरापेक्षा साधारण दोन-तीन किलोनं हलकं असतं, त्यामुळे पहिलारू, म्हणजे पहिल्यांदा विणारी कालवड, विताना अडण्याचा धोका कमी होतो. देशी सॉर्टेड तंत्रज्ञानाचं लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशिममध्येच झालं. कांडीमागे सुमारे २०० रुपये वाचवणं हा त्याचा उद्देश.

मादी वासराचा सुमारे ९० टक्क्यांचा दावा पटण्यासारखा आहे. गाभण राहण्यात मात्र ही कांडी साध्या कांडीच्या मागे पडते. साध्या कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू असतात, हिच्यात जेमतेम २० लाख. म्हणून हयगय चालत नाही. गोठवलेली कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद धरायची. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तापलेलं पाणी वापरलं तर पैसे गेलेच समजा. कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) द्रव नायट्रोजनच्या कंटेनरच्या मानेपर्यंत वर ओढून कांडी शोधत बसणारा माणूस आतल्या बाकीच्या कांड्याही खराब करतो. ज्याच्याकडे थर्मामीटर नाही, त्याच्याकडून सॉर्टेड भरवू नये. उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या गायीला तर ही कांडी नकोच. काचेसारखा स्वच्छ सोट (माजातला चिकट स्राव) टाकणारी, २५० किलोच्या पुढची संकरित कालवड घ्यावी आणि साध्या कांडीपेक्षा थोडं उशिरा, माज सुरू झाल्यावर १६ ते २० तासांनी भरवावी.

कृत्रिम रेतनाच्या या सेवेची खरी उणीव वळूच्या माहितीत आहे. माहितीपत्रकावर वळूच्या आईचं दूध ठळक छापलेलं असतं, पण त्याची वासरं सहज जन्मतात का, हे बहुतेक वेळा कुठेच नसतं. अमेरिकन वळूंच्या कॅटलॉगमध्ये त्यासाठी दोन आकडे दिलेले असतात. सायर कॅल्व्हिंग ईज म्हणजे या वळूची किती टक्के वासरं पहिलारूंना विताना अडतील. डॉटर कॅल्व्हिंग ईज म्हणजे त्याच्या मुली स्वतः विताना किती अडतील. दोन्ही आकडे जितके कमी तितके चांगले, आणि दोन्ही पाहायलाच हवेत. नुसती लहान वासरं देणारा वळू निवडत गेलं तर पुढच्या पिढीच्या गायी अंगानं लहान आणि कमरेत अरुंद निघू शकतात. या गुणाची आनुवंशिकता कमी आहे, साधारण १० टक्क्यांच्या आत-बाहेर. त्यामुळे मोजक्या वासरांवरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नये. शेजारी छापलेली विश्वासार्हताही वाचावी.

सॉर्टेड आहे म्हणून कोणतीही जात चालेल, हा समज घातक आहे. एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन) वासरू ४० किलोच्या आसपास भरतं, जर्सीचं २५ च्या. दोन-तीन किलोची सूट इथे काय पुरणार? आर्वी-कारंजा भागातल्या गवळाऊ या देशी जातीच्या कालवडीला गवळाऊचीच कांडी द्यावी, लहान चणीच्या संकरित कालवडीला जर्सीची. एचएफ भरवायचीच असेल तर एक-दोन वेत झालेल्या, रुंद कमरेच्या गायीला.

कंटेनरमध्ये असेल ती कांडी भरून निघून जाणाऱ्या सेवेला आम्ही पाचपैकी दोनच गुण देऊ. वळू क्रमांक दाखवून, कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर भारत पशुधन या सरकारी नोंदप्रणालीत नोंद करणाऱ्याला चार. रिकामी कांडी मागून घ्या, तिच्यावर वळू क्रमांक छापलेला असतो. वेताच्या दिवशी वासराचं वजन, नर की मादी, ओढावं लागलं का, हे त्याच क्रमांकापुढे लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.