सीताबर्डीचा छापखाना: माणूस पक्का, प्रूफ कच्चं

नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. मार्च २०२४ मध्ये आमच्या चर्चच्या मंडळीचं लोकसभेसाठीचं मतदान-पत्रक छापायला नागपूरच्या या छापखान्यात गेले होते. हजार प्रती, एका बाजूने, बाराशे रुपये. मजकूर साधा: १९ एप्रिलला सकाळी ७ ते संध्याकाळी ६ मतदान, मतदार कार्ड नसेल तर चालणाऱ्या १२ कागदपत्रांची यादी, आणि शेवटी तरुण संघाच्या पोरांनी घुसवलेली ओळ, 'आपल्या विचाराच्या उमेदवारालाच निवडून द्या.' खाली 'एक हितचिंतक'.

मालक काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, आपल्या विचाराचा म्हणजे कोणता? पंजा का कमळ?"

म्हटलं, तसं काही नाही.

"मंग लिहिलं कायले? अन् हितचिंतक-बितचिंतक चालत नाही. नाव-पत्ता टाका, नाही तं मी छापत नाही."

काउंटरच्या काचेखाली १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क ठेवलेलं होतं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा, शिवाय प्रकाशकाने सही करून द्यायची आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष द्यायची. उमेदवाराची ओळ काढली तर आमचं पत्रक तसं या कलमात बसत नव्हतं. पण काकांचं माप सगळ्यांना एकच.

नाव कोणाचं, यावर आमचे दोन दिवस गेले. पाळकसाहेबांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं टाकलं तर पुलपिटावरून, प्रवचनाच्या व्यासपीठावरून सांगितल्यासारखं होणार, आणि आचारसंहितेत प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायची मनाईच आहे. कैसराच्या नाण्यावर, म्हणजे 'कैसराचं ते कैसराला द्या' या येशूच्या वचनावर, इतकी प्रवचनं ऐकलेले आम्ही, पण सहीची वेळ आली तेव्हा एकेकाला घरची कामं आठवली. शेवटी माझं नाव गेलं. ती ओळही गेली.

आता तक्रार. २२ तारखेला पैसे दिले. २५ ला धुळवड, २७ ला उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस, म्हणजे पक्षांची कामं आधी. आमचा गठ्ठा मिळाला २८ च्या रात्री नऊला, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवशी. दोन विरोधी पक्षांच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवला होता, तिघांना सुतळी एकच. घरी येऊन उघडते तर 'ख्रिस्ती' चं 'खिस्ती'! प्रुफावर मी लाल पेनाने रकार दिला होता हो. फोन केला तर काकांनी दोनशे रुपये परत करतो म्हटलं, आणि केलेही. महिला मंडळाच्या चौघींनी रात्री बसून हजार रकार हाताने दिले.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर फाटकाबाहेर वाटली. एका आजोबांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. "कोणाले द्याचं ते कुठं लिहिलं?"

कागद चांगला, शाई हाताला लागत नाही. पाचपैकी चार. सणाच्या हप्त्यात मात्र जाऊ नका, आणि छपाई सुरू व्हायच्या आधी दुसरं प्रूफ मागून घ्या.