'न्यू लीफ' म्हणावं की 'कॉर्नर'?

'टर्न ओव्हर अ न्यू लीफ' आणि 'टर्न द कॉर्नर' हे दोन्ही इंग्रजी वाक्प्रचार चांगल्या बदलासाठी वापरतात, म्हणून आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. पण अर्थ वेगळे आहेत.

पहिल्यात माणूस ठरवून स्वतःचं वागणं सुधारतो. दारू सोडली, टवाळक्या सोडून अभ्यासाला लागला, की 'ही हॅज टर्न्ड ओव्हर अ न्यू लीफ'. हे 'लीफ' झाडाचं नव्हे, वहीपुस्तकाचं पान. इंग्रजीत हा प्रयोग सोळाव्या शतकापासून आहे. आधीचं वागणं चुकीचं होतं, हे त्यात गृहीत असतं. म्हणूनच नवी नोकरी धरणाऱ्या सहकाऱ्याला शुभेच्छा देताना तो मुळीच लिहू नये. त्याने जुन्या ठिकाणी काही गैर केलं होतं, असा वास त्या वाक्प्रचाराला येतो. तिथे साधं 'न्यू बिगिनिंग' पुरतं.

'टर्न द कॉर्नर'मध्ये दोष कुणाचाच नसतो. सर्वांत वाईट काळ मागे पडला, इतकंच. आजाऱ्याला उतार पडला, तोट्यातला धंदा सावरू लागला, की हा वाक्प्रचार चपखल बसतो. पूर्ण बरं झालं, असा मात्र त्याचा अर्थ नाही. 'टर्न अ कॉर्नर' असंही म्हणतात, तेही बरोबरच.