पडवळचे मागचे पाय आणि घरी येणारी फिजिओथेरपी

रत्नागिरीहून आमच्या पावस-गणेशगुळ्याकडे घरी येऊन कुत्र्यांना फिजिओथेरपी देणाऱ्या एक मॅडम आहेत. नाव छापू नका म्हणाल्या, आहेत त्याच भेटींना दिवस पुरत नाही. म्हणून इथे नुसतं मॅडम. भेटीचे ८०० रुपये, गाडीखर्च वेगळा. माझ्या मते पैसे वसूल. पण त्या नक्की कशाचे पैसे घेतात ते कळलं पाहिजे, नाहीतर ‘पाय चोळायचे आठशे?’ असं विचारणारे आमच्या वाडीत बसलेलेच आहेत.

पेशंट आमचा पडवळ. जातीचा डॅशहुंड, लेकाने मुंबईहून आणलेला. हे नाव का ठेवलं ते त्याला एकदा बघितलंत की कळेल. या जातीत मणक्यांमधली चकती लहान वयातच कडक व्हायला लागते आणि एखाद्या उडीचं निमित्त होऊन सरकते, मज्जारज्जूवर दाब येतो. दर चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतोच. पडवळ माडीच्या जिन्यावरून धडपडत आला आणि संध्याकाळपर्यंत मागचे दोन्ही पाय फरफटत होता.

मॅडमनी फोनवरच सांगितलं, आधी जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग मी. त्या मुळात माणसांच्या फिजिओ, कुत्र्यांचं नंतर शिकल्या, आणि १९८४ च्या कायद्याप्रमाणे जनावराचं निदान करून औषध देणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम. हे त्या स्वतःहून सांगतात. ‘मी बघते, औषध पण देते’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला खळ्यातूनच परत पाठवा. रक्त तपासलंय का, हेही विचारलं. आपल्याकडे गोचीड ताप किती ते वेगळं सांगायला नको. त्या तापातही सांधे धरतात, कुत्रं लंगडतं, आणि तिथे मालिश करून काडीचा उपयोग नाही. एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्याला एमआरआय लागतो आणि त्यासाठी आम्हाला मुंबई गाठायला सांगितलं होतं. पडवळच्या पायांत जाणीव शिल्लक होती, त्यामुळे डॉक्टरांनी ऑपरेशनशिवाय थांबून बघायचं ठरवलं.

ही जाणीव कशी बघतात ते मॅडमनी मला बसवून दाखवलं. मागच्या पायाचं बोट जोरात चिमटलं की पाय आखडतो. घरचे सगळे आनंदाने ओरडतात, पण पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, ती मेंदूपर्यंत निरोप न जाताही होते. कुत्र्याने मान वळवली, केकाटलं, चावायला आलं, तरच त्याला कळलं म्हणायचं. पडवळने मॅडमच्या मनगटाला दात लावले आणि त्या ‘शाब्बास’ म्हणाल्या.

पहिल्या भेटीत व्यायाम काही नाही. निदान चार आठवडे बंदिस्त ठेवायचं, सू-शीपुरतं उचलून बाहेर. आंबे भरायच्या लाकडी पेट्या जोडून यांनी कुंपण केलं. मग मॅडमनी शिकवली ती लघवी काढायची रीत, आणि माझ्या मते ८०० रुपये इथेच फिटले. कुत्र्याला आधार देऊन उभं करायचं, बरगड्या संपतात त्याच्या बरंच मागे, पोटाच्या दोन्ही अंगांनी तळवे सपाट लावायचे. बोटं खुपसायची नाहीत. मूत्राशय भरलेलं असेल तर हाताला गरगरीत लागतं. मग दोन्ही तळवे हळूहळू जवळ आणत मागच्या बाजूला दाब द्यायचा आणि धार संपेपर्यंत सोडायचा नाही. त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवून करून घेतलं, मग यांच्याकडून, मग लेकाकडून. थेंब थेंब गळतंय म्हणजे कुत्रं मुततंय असं नव्हे. ते भरून वाहत असतं, तसंच राहिलं तर आत जंतू होतात. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला घेतली होती. मॅडमनी त्यांना दुखावलं नाही, पण थांबवलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक नको, आणि जिथे कुत्र्याला नीट कळतच नाही तिथे तर तो भाजला तरी ओरडणार नाही. पुढे शेकाची परवानगी मिळाली, पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघायच्या अटीवर.

व्यायाम सुरू झाले ते अगदी साधे. बोटं, घोटा, गुडघा, खुबा असा एकेक सांधा हळू वाकवायचा, सरळ करायचा. मग पोटाखालून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी घालून उभं करायचं. नर असेल तर झोळी त्याच्या लघवीच्या जागेवर दाबू द्यायची नाही. जागा कुठली, तर मागचं सारवलेलं खळं. नव्या हॉलमधल्या गुळगुळीत लाद्यांवर त्याचे पाय पसरत होते, आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर फरफटून पंजे सोलवटले होते. पुढच्या टप्प्याला चिव्याच्या काठ्या जमिनीवर हातभर अंतराने मांडल्या. त्या ओलांडताना पाय उचलावाच लागतो. दर भेटीला शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर मोजून वहीत लिहितात, नाहीतर ‘बरं वाटतंय’ एवढ्यावरच भागतं.

पाण्यातल्या ट्रेडमिलचे व्हिडिओ लेकाने दाखवले होते, ते यंत्र मॅडमकडे नाही. पाणी खुब्यापर्यंत आलं की पायांवर वजन उरतं ३८ टक्क्यांच्या आसपास, गुडघ्यापर्यंतच असेल तर ८५. म्हणजे खोली महत्त्वाची. यांनी बागेतलं फवारणीचं टाकं सुचवलं, त्याला मॅडमनी साफ नकार दिला. त्यात कीटकनाशकं कालवलेली असतात आणि कुत्रं अंग चाटतं. शेवटी ओहोटीला गणेशगुळ्याच्या पुळणीत साचणारं पाणी कामी आलं. लाट नाही आणि उन्हाळ्यात कोमट असतं. खारं पाणी पिऊ द्यायचं नाही, घरी आलं की गोड्या पाण्याने धुवायचं.

आता न आवडलेलं. लेझरचे, म्हणजे दुखऱ्या जागी प्रकाशाचा झोत सोडतात त्याचे, वेगळे पैसे आहेत. काही वेळा घेतला, मला फरक दिसला नाही. गाठ किंवा कॅन्सर असेल तिथे तो वापरत नाहीत, ते मात्र त्यांनी आधी विचारून घेतलं. फोन दुपारी लागत नाही. जुलैत रस्त्यांची अवस्था बघून त्यांनी भेटी बंद करून व्हिडिओ पाठवले, तेही निम्मे इंग्रजीत. दिवसभर पडवळजवळ असतात सासूबाई, त्यांना त्यातलं काय कळणार?

आज पडवळ चालतो, मागून डुलतो, जिना बंद. घरातली कॉम्बिफ्लाम त्याला कोणी देऊ नये म्हणून डबा वर ठेवलाय, त्यातलं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावतं. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर दुखण्याची दुसरी गोळी त्यांना विचारल्याशिवाय नाहीच.

आमचं बघून शेजारच्या अण्णांनी त्यांच्या लॅब्राडॉरसाठी मॅडमना बोलावलं. खुब्याचं दुखणं, वय झालेलं, आणि रोज दुपारी भात-कालवण. मॅडमनी कंबर चाचपली, बरगड्या हाताला लागेनात. आधी वजन उतरवा, नखं कापा, महिन्याने फोन करा, असं सांगून फक्त गाडीखर्च घेतला. अण्णा म्हणतात, बाई आली, माझ्या भाताला नावं ठेवली आणि गेली.