फेमिना मिस इंडिया: सॅश राज्याची, मुलगी कुठली?

फेमिना मिस इंडियाने 2017 पासून राज्यवार निवड सुरू केली आणि स्पर्धेत जान आली. त्या वर्षी 29 राज्यं आणि दिल्ली मिळून 30 मुली अंतिम फेरीत होत्या. हरियाणाची मानुषी छिल्लर विजेती, जम्मू-काश्मीरची सना दुआ आणि बिहारची प्रियंका कुमारी उपविजेत्या. 2023 ची अंतिम फेरी थेट इंफाळला झाली आणि मणिपूरची स्ट्रेला लुवांग दुसरी उपविजेती ठरली. घरच्या सॅशसाठी, म्हणजे राज्याचं नाव लिहिलेल्या खांद्यावरच्या पट्ट्यासाठी, घरचं स्टेडियम ओरडतं तेव्हा ही पद्धत किती योग्य आहे ते कळतं.

आता महाराष्ट्राचा हिशोब. 2020 चं पर्व फेब्रुवारी 2021 मध्ये झालं, ते धरून 2024 पर्यंत सात मुकुट दिले गेले: हरियाणा, तमिळनाडू, राजस्थान, तेलंगणा, कर्नाटक, पुन्हा राजस्थान आणि मध्य प्रदेश. महाराष्ट्राची सॅश एकदाही नाही. पण 2022 ची विजेती सिनी शेट्टी, सॅश कर्नाटकाची, जन्म मुंबईचा. 2019 ची सुमन राव राजस्थानची, वाढली मुंबई परिसरात. 2020 ची उपविजेती मान्या सिंग उत्तर प्रदेशची, वडील मुंबईत रिक्षा चालवायचे. यात गैर काहीच नाही. जन्म, वास्तव्य किंवा आई-वडिलांचं मूळ राज्य, यातल्या कुठल्याही आधारावर मुलगी त्या राज्यातून उतरू शकते, आणि मुंबईत वाढलं म्हणून कुणाचं गाव सुटत नाही.

अडचण वेगळीच आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींच्या आसपास, सिक्कीम जेमतेम सहा लाख, आणि सॅश दोघांना एकेकच. साहजिकच दोन राज्यांवर हक्क असलेली मुलगी कमी गर्दीचं राज्य बघते. पण त्या राज्यात राहणाऱ्या मुलीपुढे मग महानगरात मॉडेलिंग करून तयार झालेली स्पर्धक उभी राहते. ओळखीच्या फेरीत पडद्यावर राज्याच्या नावाखाली राहण्याचं शहरही लिहावं. एका ओळीचं काम आहे, आणि प्रेक्षकाला खरं चित्र दिसेल.

कार्यक्रम म्हणून पहिला अर्धा तास सुरेख असतो. मधली नाच-गाणी लांबतात, आणि ती कापून प्रश्नोत्तरांना वेळ द्यायला हवा, कारण खरी कसोटी तिथेच लागते. मोजक्या सेकंदांतले पहिले काही परीक्षकांचे आभार मानण्यात गेले की उत्तर अर्धवट तुटतं. पाठ केलेलं उत्तर तर लगेच ओळखू येतं: प्रश्न एक, उत्तर दुसरंच, आणि शेवटी महिला सक्षमीकरण. मानुषीने 2017 च्या मिस वर्ल्डमध्ये काय केलं ते पुन्हा बघा. सर्वाधिक पगार कुठल्या पेशाला मिळावा, असा प्रश्न होता. तिने सुरुवातीलाच आईचं नाव घेतलं आणि मग पगार म्हणजे फक्त पैसा नाही, प्रेम आणि आदरही, हे स्पष्ट केलं. आधी उत्तर, मग कारण. हाच क्रम हवा.

उतरायचा विचार असेल तर वय, उंची आणि वैवाहिक स्थितीचे निकष त्या वर्षीच्या अर्जातच वाचा. उंचीची अट पूर्वी 5 फूट 5 इंच होती, नंतर 5 फूट 3 इंचांवर आली. मोजणी अनवाणी होते, त्यामुळे घरी भिंतीला टाच टेकवून नीट मोजा. कुठल्या राज्यातून उतरायचं ते आधी ठरवा आणि त्याचा कागद हाताशी ठेवा.

गाउनचा खालचा घेर शिंप्याकडे मापून घेताना रॅम्पवर घालणार तेच हिल्स पायात हवेत. अनवाणी मोजून शिवलेला गाउन हिल्सवर आखूड पडतो. उलट कापड जास्त ठेवलं तर वळताना बुटाचं टोक त्यात अडकतं. पुढून घेर जमिनीपासून अर्धा इंच वर, मागे हवा तेवढा लांब.

सॅश सॅटिनची असते, म्हणून घसरते. फक्त कमरेला पिन लावली तर चार पावलांत खांद्यावरून उतरते आणि राज्याचं नाव काखेत जातं. आधी खांद्यावर आतून पिन लावा, नाव छातीवर सपाट येईल असं बघा, मग कमरेला जरा सैल ठेवून दुसरी पिन लावा, म्हणजे श्वास घेताना चुणी पडणार नाही. गाउनवर मणीकाम असेल तर सॅशखालचा पट्टा साधा ठेवायला सांगा. मण्यांत सॅटिनचा धागा अडकला की तो ओढला जातो आणि ती रेघ क्लोजअपमध्ये लपत नाही.