कोठीच्या खोलीतला वाइन सेलर: ठाण्यात सोळा महिने वापरल्यानंतर

पाचपाखाडीतली आमची बिल्डिंग 1994 सालची. तिसरा मजला, स्वयंपाकघराला लागून पाच बाय सात फुटांची कोठीची खोली. खिडकी नाही, एक भिंत डक्टला लागून. पंचवीसेक वर्षं तिथे गव्हाचे डबे, गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील आणि आईचे सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, राहत होते. आम्ही सीकेपी, तेव्हा यादीतली शेवटची वस्तू किरकोळ समजू नये. मागच्या वर्षी मार्चमध्ये त्या खोलीचा वाइन सेलर, म्हणजे वाइन साठवायची गार खोली, झाला. आता जुलै चालू आहे, म्हणजे दोन उन्हाळे पूर्ण आणि दुसरा पावसाळा निम्मा. लोक घरी येतात, काचेच्या दारातून आत बघतात, फोटो काढतात आणि खर्च विचारतात. दारात उभं राहून सांगता येत नाही ते इथे लिहितो.

पहिला सेलर एका इंटिरियरवाल्याने केला. पहिला म्हणतोय, कारण सहा महिन्यांत दुसरा करावा लागला. त्याने दाखवलेली चित्रं अप्रतिम होती आणि काम चित्राबरहुकूम झालं: सागाचे रॅक, बारा मिलीमीटरच्या टफन्ड काचेचं दार, कप्प्यांच्या मागून मंद पिवळा प्रकाश. भिंतींना ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी, त्यावर प्लाय, त्यावर साग. थंड करायला सेलरसाठीच बनलेलं बाहेरदेशी यंत्र. ते भिंतीत बसतं आणि गरम हवा डक्टमध्ये सोडतं. पाडव्याच्या सुमारास चालू केलं. एप्रिल-मेमध्ये बाहेर पस्तीस अंश असताना आत चौदा. मी खूश. आई एवढंच म्हणाली, "देवघर अजून भिंतीवरच्या फळीवर आहे, आणि बाटल्यांना खोली." तिचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मी काही बोललो नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दाराला घाम फुटला. थोडाथोडका नाही, काचेवरून ओघळ येऊन पॅसेजच्या लादीवर थारोळं. फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला जे होतं, तेच साडेसहा फुटांच्या काचेला होत होतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी ओली असते की पंचवीस-सव्वीस अंशांखालची कुठलीही वस्तू तिच्यातलं पाणी खेचते, आणि आत चौदा असताना एकेरी काच बाहेरून वीसच्या आसपास राहते. आम्ही रोज सकाळी दूध आणि पेपर आत घेतला की दार पुसायचो. जुलैत कुबट वास सुरू झाला. ऑगस्टमध्ये त्यात ओळखीचा एक वास मिसळला. बायकोने नाक लावलं आणि म्हणाली, "सोडे." भिंतींनी ओल धरली होती, आणि जुन्या प्लास्टरमधून पंचवीस वर्षांचे सोडे बोलायला लागले होते. दोन प्लाय काढल्या तर मागचं ग्लासवूल पिळून पाणी निघेल असं, आणि लाकडाला काळी बुरशी.

इंटिरियरवाल्याने सांगितलं की हे "नॉर्मल" आहे. मग त्याने फोन उचलणं बंद केलं.

दुसऱ्या सेलरचा माणूस मिळाला तो तुर्भ्याला. तिथल्या एपीएमसीच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, आसपास फळांची शीतगृहं आहेत, तिथली पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांची, कामं तो करतो. वाइन तो पीत नाही, आमच्या रॅककडे त्याने बघितलंसुद्धा नाही. भिंतीवर हात ठेवला, दाराच्या फटीतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही थंडी बाहेर जाऊ नये म्हणून बघताय. बाहेरची वाफ आत येतेय, ती कोण अडवणार?" थंड खोलीच्या भिंतीत वाफ अडवणारा थर लागतो, आणि तो इन्सुलेशनच्या गरम बाजूला, म्हणजे बाहेरच्या अंगाला लागतो. तो नसेल तर ओली हवा इन्सुलेशनमध्ये शिरते, आत थंड जागा गाठली की तिचं पाणी होतं आणि तिथेच मुरतं. आमच्याकडे तो थर नव्हताच. शीतगृहवाल्यांना हे पहिल्या दिवशी शिकवतात; सुंदर चित्रं काढणाऱ्यांना शिकवत नसावेत.

त्याने प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढलं (सोडे तेव्हा गेले), नवं प्लास्टर वाळू दिलं, मग चारी भिंती, छत आणि जमिनीलाही पंचाहत्तर मिलीमीटरची पॅनेलं बसवली. त्यांचे दोन्ही पत्रे वाफ अडवतात, फक्त सांधे नीट बंद व्हावे लागतात. एकेक सांधा त्याने सिलिकॉनने भरला, वर अॅल्युमिनियमची टेप लावली. वायर आणि पाइप जिथून आत जातात तिथे दुप्पट वेळ घालवला. दाराला दुहेरी काच, मध्ये आर्गॉन वायू, चारी बाजूंना रबराचं गॅस्केट. खोली प्रत्येक बाजूने चारेक इंचांनी लहान झाली. सागाचे रॅक पुन्हा त्याच जागी उभे केले, त्यातला एक कापून. दिवे तेच, फक्त त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे डबे, बाहेर पॅसेजच्या कपाटात हलवले. आत होते तेव्हा गरम व्हायचे आणि त्यातला एक ओलीने गेलाही होता. बाहेरून बघणाऱ्याला पहिल्या आणि दुसऱ्या सेलरमधला फरक आजही कळत नाही. माझे दोन लाख दहा हजार त्या न दिसणाऱ्या फरकात गेले, आणि पहिल्या कामाचे साडेचार लाख वेगळे.

यंदाच्या पावसाळ्याचं सांगतो, कारण खरी परीक्षा तीच. दाराचा मधला भाग कोरडा आहे. कडांना, जिथे काच चौकटीत जाते, फार दमट दिवशी बोटभर रुंदीची ओल येते. मग मी सेलरचं तापमान चौदावरून सोळा करतो आणि संध्याकाळी हॉलचा एसी तासभर ड्राय मोडवर लावतो, पॅसेजपर्यंत हवा सुकते. वाइनला सोळा चालतं. बारा ते चौदा उत्तम हे खरं, पण तिला खरा त्रास होतो तो सारख्या चढउताराचा.

वाइनवरची बहुतेक लिखाणं थंड, कोरड्या देशांतली. ती बजावतात की खोली कोरडी पडू देऊ नका, बूच आकसेल, हवा आत जाईल, पाण्याचं भांडं ठेवा. ठाण्यात जून ते सप्टेंबर कोणी सेलरमध्ये पाण्याचं भांडं ठेवलं तर लेबलांवर आळंबी उगवतील. आर्द्रता साठ ते सत्तर टक्के हवी. पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे अठ्ठ्याऐंशी होती आणि बारा बाटल्यांची लेबलं डागाळली. आतली वाइन ठीक, पण बाटली कुणाला भेट देता येत नाही. आता बासष्ट ते अडुसष्टमध्ये असते. आर्द्रतेच्या मीटरवर विश्वास ठेवण्याआधी एक करा: झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. पंचाहत्तर दाखवायला हवं. माझा पहिला मीटर त्रेसष्ट दाखवत होता, म्हणजे पहिला पावसाळाभर तो मला खोटा धीर देत होता.

तापमानासाठी रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात थर्मामीटरची वायर सोडली आहे. हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, बाटलीतलं मारत नाही, आणि आपल्याला बाटलीतलंच हवं असतं. मे महिन्यात एका रात्री सहा तास वीज नव्हती. आतली हवा एकोणीसवर गेली, पाण्याची बाटली सतरावर. तेव्हापासून इन्व्हर्टरचा विचार सोडून दिला. वीज गेली की दार उघडायचं नाही, एवढाच नियम. बिलाचं म्हणाल तर महिन्याला शंभर युनिटच्या आसपास वाढ, मेमध्ये एकशे तीस.

साधा स्प्लिट एसी का नाही लावला, हे चौघांनी तरी विचारलंय. बहुतेक एसी सोळाच्या खाली सेट होत नाहीत, आणि त्यांचं अर्धं काम हवा सुकवणं असतं. पावसाळ्यात ते बरं वाटेल, पण जानेवारी-फेब्रुवारीत आत वाळवंट होईल.

रॅकबद्दल एक कबुली. मिस्त्रीला मी एकाच बाटलीचं माप दिलं, सरळ खांद्यांची रेड वाइनची. त्याने सगळी घरटी ऐंशी मिलीमीटरची केली, सुबक, एकसारखी. स्पार्कलिंगची, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनची, बाटली बुडाशी त्याहून जाड असते. पहिल्याच आठवड्यात मी ती घुसवायला गेलो, ती निम्मी आत जाऊन अडकली, ना पुढे ना मागे. शेवटी मिस्त्रीला बोलावून घरटं कापावं लागलं. खालच्या दोन ओळी मोकळ्या, घरट्यांविना ठेवा. वेगळ्या अंगाची बाटली येणारच. पिनो न्वार द्राक्षाच्या रेडची बाटलीही पोटाने मोठी असते. आणि पॉलिश केलेलं लाकूड महिनाभर उघड्यावर वाळवल्याशिवाय बाटल्या लावू नका, बंद खोलीत तो वास महिनोन्‌महिने बसतो.

दुसरी कबुली जरा लाजिरवाणी आहे. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. माझ्याकडच्या एकशे दहा बाटल्यांपैकी निम्म्यांहून जास्त नाशिकच्या आसपासच्या, आणि त्यातल्या बऱ्याच स्क्रूकॅपच्या, म्हणजे बुचाऐवजी फिरकीच्या झाकणाच्या. त्या उभ्या, आडव्या, कशाही ठेवल्या तरी चालतात. म्हणजे सागाच्या त्या घरट्यांतली बरीचशी फक्त शोभेची.

मग सेलरचा उपयोग होतो का? यासाठी एक प्रयोग केला. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, सांजोव्हेसे आणि काबर्ने सोविन्यों या द्राक्षांच्या मिश्रणाची रेड, बुचाच्या सहा बाटल्या एकाच दिवशी घेतल्या. तीन सेलरमध्ये, तीन स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात, जिथे सगळ्यांची वाइन असते. सोबत चेनां ब्लां या व्हाइट वाइनच्या चार, दोन-दोन. गेल्या महिन्यात उघडल्या, नाशिकहून भावजी आले होते, ते द्राक्षवाले. ग्लासांवर खुणा न करता त्यांच्यापुढे ठेवले. सेत्तेत त्यांनी क्षणात ओळखलं. कपाटातल्या एका बाटलीचं बूच किंचित वर आलं होतं, रंग कडेला विटकरी, चव शिजवलेल्या मनुकांची. सेलरमधली अजून ताठ होती आणि पहिल्यापेक्षा मऊही झालेली. चेनां ब्लां मात्र दोन्हीकडची उतरली होती. सेलरमधली कमी, पण ताजेपणा गेलेलाच. भावजी म्हणाले, "ही वर्षात पिऊन टाकायची असते हो, तुम्ही तिची मुंज करायला थांबलात?" त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट आणि साध्या रेड लवकर प्यायला केलेल्या असतात. मुरवण्याजोग्या, म्हणजे सेत्ते, सुलाची रासा, ग्रोव्हरची ला रिझर्व अशा, माझ्याकडे जेमतेम तीस आहेत. तीस बाटल्यांना खोली लागत नाही. दोन तापमानांचा चांगला वाइन चिलर, म्हणजे वाइनचा फ्रीज, पुरतो, भिंतीत काही मुरत नाही आणि घर बदललं तर सोबत नेता येतो. शंभराच्या वर संग्रह असेल आणि तो वाढवायचाच असेल तरच खोलीच्या वाटेला जा. परवाना आणि घरात किती बाटल्या ठेवता येतात याचे नियम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आधी समजून घ्या. सुताराला बोलावण्याच्या आधी.

आंब्यांचं सांगायचं राहिलं. पहिल्या मेमध्ये मी चार दिवस पुण्याला गेलो होतो. आलो तर सेलरच्या जमिनीवर देवगडची पेटी, गवतासकट. आईचा हिशेब सरळ होता: गार खोली आहे, आंबे टिकतील. ते टिकले, पण पिकले नाहीत. चौदा अंशांना हापूस जसा ठेवाल तसा राहतो. नंतर बाहेर काढून पिकवले तर साल सुरकुतली आणि आतून फिके निघाले. आणि सेलरमध्ये पंधरा दिवस आंब्याचा घमघमाट. तेव्हापासून दाराला किल्ली आहे. किल्ली देवघराच्या फळीवर असते, हा आईशी झालेला तह.

गॅस्केट दर दोन महिन्यांनी तपासतो. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर ठीक. परवा खालच्या बिजागरीजवळ ती सहज निघून आली. तुर्भ्याच्या माणसाला फोन केलाय. पाऊस जरा उघडला की येतो म्हणाला.