किलिमांजारो, माचामे मार्ग: सहा दिवसांचं पॅकेज घेऊ नका

टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर परवानाधारक गाइडशिवाय जाता येत नाही, त्यामुळे पॅकेज घ्यावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कोणतं घ्यावं एवढंच ठरवायचं. शिखराकडे जाणाऱ्या वाटांपैकी माचामे मार्ग सहा दिवसांतही विकतात आणि सात दिवसांतही. सात दिवसांचा घ्या. सहा दिवसांच्या बेतात वाटेवरच्या बॅरांको आणि बराफू या कॅम्पांमधला करांगाचा मुक्काम गाळलेला असतो. बॅरांकोहून सकाळी निघायचं, त्याच दिवशी 4,670 मीटरवरच्या बराफू कॅम्पला पोचायचं, दमलेल्या पोटात काहीतरी ढकलायचं आणि मध्यरात्री शिखराच्या वाटेला लागायचं. करांगाला राहिलात तर बराफूला दुपारच्या जेवणालाच पोचता आणि अर्धा दिवस आडवं पडायला मिळतं.

माचामेची खरी किंमत तिसऱ्या दिवशी वसूल होते. शिरा कॅम्पहून (सुमारे 3,800 मीटर) लाव्हा टॉवर या कातळसुळक्यापाशी 4,600 मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला पुन्हा 3,960 मीटरवरच्या बॅरांकोला उतरवतात. विरळ हवेची चव घ्यायची, पण रात्र खाली काढायची, हे या मार्गात आपोआप होतं. उणीव आहे ती दुसऱ्या रात्री. पहिला मुक्काम 2,835 मीटरवर आणि दुसरा थेट हजार मीटर वर. डोकेदुखीची सुरुवात बहुतेकांना इथेच होते. ज्यांना आठवा दिवस परवडतो त्यांच्यासाठी लेमोशो मार्ग सौम्य. मारंगू मार्गावर तंबूंऐवजी लाकडी खोल्या आहेत, पण पाच दिवसांचा मारंगू म्हणजे शिखर हुकण्याची सोय.

आता दर. पार्कचं शुल्क दिवसाला 70 डॉलर, कॅम्पचं रात्रीला 50, बचावपथकाचे एकदाच 20 आणि सगळ्यावर 18 टक्के कर. सात दिवस, सहा रात्री धरल्या तर साडेनऊशे डॉलर नुसते सरकारी तिजोरीत जातात. मग बाराशे डॉलरचं पॅकेज कुणी देत असेल, तर उरलेल्या अडीचशेत गाइड, आचारी, माणशी तीन-चार पोर्टर, गाडी आणि आठवड्याचं जेवण कसं बसतं? बसत नाही. पोर्टरची मजुरी कापली जाते, तंबू गळके येतात. पोर्टरच्या ओझ्याची मर्यादा 20 किलो असते आणि ते गेटवर तोलतात. तुमची डफल बॅग 15 किलोंच्या आत हवी.

कंपनीला पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: ऑक्सिजनचं सिलिंडर बरोबर असतं का, सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटरने (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा) तपासणी होते का, एखादा माघारी फिरला तर त्याच्यासोबत उतरायला वेगळा गाइड आहे का. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. गाइड एकच असेल तर एकाच्या आजारपणात सगळा गट खाली येतो. ऑक्सिमीटर गारठलेल्या बोटावर चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा आधी हात चोळून ऊब आणायची. आकड्यापेक्षा चाल पाहावी. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उपाय एकच: लगेच खाली, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. उंचीचा त्रास टाळण्याची गोळी डायमॉक्स साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सरावाच्या बाबतीत सह्याद्रीवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर, म्हणजे माचामे गेटच त्याहून उंच. घाटमाथ्यावर कितीही फिरलात तरी विरळ हवेची सवय होत नाही, होते ती पायांची. बॅरांकोच्या कातळभिंतीची मात्र चिंता नको. हात टेकवत दीड-दोन तासांत होते. शिखराच्या रात्री साधारण 1,225 मीटर चढायचे असतात, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगडच्या दोन फेऱ्या. त्याच दिवशी मग म्वेका कॅम्पपर्यंत 2,800 मीटर उतार, आणि गुडघे जातात ते इथेच. म्हणून पाठीवर सहा-सात किलो घेऊन सलग शनिवार-रविवार चढा, आणि उतरताना गाडीने येऊ नका. तीन महिने पुरतात.

बूट घोट्यावर येणारे, जलरोधक आणि अर्धा नंबर मोठे घ्या, किमान 80 किलोमीटर वापरून मग विमानात पायातच घाला. बॅग हरवली तर बाकी सगळं पायथ्याच्या मोशी शहरात भाड्याने मिळतं. उणे 10-15 अंशांची स्लीपिंग बॅग आणि पिसांचं जाकीट तर तिथूनच भाड्याने घ्यावं, फक्त चेन तपासून. पाण्याच्या नळीच्या पिशवीवर विसंबू नका, शिखराच्या रात्री नळी गोठते. बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो. बॅटरी आणि फोन अंगाशी. प्लास्टिकच्या पिशव्यांना टांझानियात 2019पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा.

शाकाहारी जेवण मागितलं की मिळतं. सूप, भात, बटाटे, अंडी. बराफूला पाण्याचा झरा नाही, करांगाहून पोर्टर पाणी वाहून आणतात, तेव्हा तिथे तोंड धुण्याची हौस नको. त्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही. चौथ्या दिवसापासून भूक मरते, त्यासाठी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खजूर आणि गूळपोळ्या न्या. चॉकलेट गोठून दगड होतं.

गाइड-पोर्टरांच्या टिपेचे दोन-अडीचशे डॉलर माणशी वेगळे ठेवा, सुट्या नोटांत, आणि 2006पूर्वी छापलेली नोट घेऊ नका. तिथे ती कुणी स्वीकारत नाही.