सोन्याचा मुलामा दिलेला जुना फ्रेंच टेबल लॅम्प: घ्यावा का?

नेरूळला एक काका आहेत, युरोपातून जुना माल आणतात, घरातल्याच एका मोठ्या खोलीत सगळं मांडून ठेवलंय, पाटी वगैरे काही नाही, ओळखीतूनच कळतं. त्यांच्याकडून बुइयॉत लॅम्प घेतला, 55 हजार सांगितले होते, 48 ला दिला. आमचा ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके आहे, हॉलमध्ये सोफ्याच्या शेजारी ठेवलाय, अख्खा पावसाळा झाला आता, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुइयॉत हा फ्रेंच पत्त्यांचा खेळ, अठराव्या शतकाच्या शेवटी तिकडे जोरात होता, त्या टेबलावर ठेवायचा हा दिवा. खाली ताटलीसारखा बेस आणि त्याला जाळीचा काठ, मधे दांडा, दांड्याला मेणबत्त्यांचे हात, वर रंगवलेल्या पत्र्याची शेड. खरी अक्कल शेडमध्ये आहे, मेणबत्ती जळून बुटकी होईल तशी शेड खाली सरकवायची आणि किल्लीसारखा स्क्रू आवळायचा, म्हणजे ज्योत कोणाच्या डोळ्यावर येत नाही. आमचा काकांच्या मते 1950-60 च्या आसपासचा, विजेचाच, पण शेड अजून तशीच सरकते आणि आम्ही रोज सरकवतो, टीव्ही बघताना खाली, कोणी पुस्तक घेऊन बसलं की वर.

काकांचं एक फार आवडलं, लॅम्पवर बनवणाऱ्याचा कुठलाही शिक्का नाही हे त्यांनी आधीच सांगितलं. मेजॉ जान्सेन म्हणून पॅरिसची 1880 ची नामांकित सजावटीची पेढी होती, जॅकी केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या सजावटीत त्यांच्याच स्तेफान बूदँचा मोठा हात होता, त्यामुळे बिनशिक्क्याच्या कुठल्याही फ्रेंच दिव्याला ते नाव चिकटवून किंमत चढवायची पद्धत पडलीये. शिक्का किंवा कागद नसेल तर नावाचे पैसे देऊ नका, ओतकामाचे द्या. ओतकाम बघायचं तर लॅम्प उलटा करा, बेसची खालची बाजू पिवळी दिसली पाहिजे, खरवडलेल्या जागी करडी दिसली तर जस्ताच्या मिश्रधातूचा माल आहे, आणि लोहचुंबक चिकटला तर लोखंडावर पितळेचं नुसतं पाणी. आमच्याचे हात हंसाच्या मानेसारखे वळलेत, भिंग धरलं तर पिसाची एकेक रेघ वेगळी दिसते, आणि जिथे हाताळून मुलामा झिजलाय, म्हणजे किल्लीपाशी आणि काठावर, तिथून खालचं पितळ जरा तांबूस डोकावतं. मला तर तीच जागा सगळ्यात सुंदर वाटते.

मुलाम्याचंही ऐका. आधी सोनं पाऱ्यात विरघळवून ते मिश्रण धातूला फासायचे आणि तापवायचे, पारा उडून जायचा, सोनं राहायचं, पण त्या वाफेने कारागीर अकाली मरायचे, म्हणून 1830 च्या सुमारास फ्रान्समध्ये ते बंद पडत गेलं. 1840 मध्ये इंग्लंडात एल्किंग्टन नावाच्या कारखानदारांनी विजेच्या प्लेटिंगचं, म्हणजे विजेने धातूवर सोन्या-चांदीचा थर चढवायचं, पेटंट घेतलं आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली, विसाव्या शतकातले मुलाम्याचे लॅम्प बहुतेक त्यातलेच. हा थर अगदी पातळ असतो. आईने पहिल्याच दिवशी पितांबरी काढली होती, ठाण्याचीच कंपनी, आमच्या घरात समई तिच्याशिवाय घासली जात नाही, आणि समईला ती उत्तमच, कारण समई आतून-बाहेरून पितळ आहे. मुलाम्यावर मात्र पावडर, चिंच, लिंबू, ब्रासो काहीच नको, घासलं की सोनंच निघून जाणार. सुती मऊ कोरडं फडकं, बास. पावसाळ्यात बेसच्या जाळीत दोन-तीन हिरवट ठिपके आले, मुलाम्याला बारीक भोकं पडली असतील तिथे दमटपणा पितळेपर्यंत पोचतो, ते मी काकांकडूनच साफ करून घेतले.

आमच्या इंटिरिअर डिझायनरचं म्हणणं होतं की पुन्हा पॉलिश करून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारू म्हणजे बाकीच्या गोल्ड फिनिशला मॅच होईल. मी स्पष्ट नाही म्हटलं. आत्ता टॉवरमधल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये हँडल, नळ, आरशाची फ्रेम सगळं सोनेरी असतं, ते बऱ्याचदा पीव्हीडी कोटिंग, म्हणजे धातूवर निर्वातात चढवलेला पातळ कडक थर, टिकायला चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही, पण सगळंच चमकायला लागलं की नजर कुठेच ठरत नाही. लक्झरी म्हणजे खोलीत एक वस्तू अशी हवी की जिच्यासाठी बाकीच्यांनी गप्प बसावं. आम्ही भिंत साधी ऑफ-व्हाइट ठेवली, सोनेरी हँडल रद्द केली.

वायरिंगवर कंजुषी अजिबात नको. व्होल्टेजचा प्रश्न नाही, तिकडेही 230 आणि 50 हर्ट्झ, पण जुनी वायर आतून तडकलेली असते आणि अर्थिंग नसतं, अंगभर धातूच्या दिव्याला ते धोक्याचं. तीन तारांची नवी वायर, थ्री-पिन प्लग, अर्थिंग बॉडीला जोडलेलं, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. काकांनी हे किमतीतच करून दिलं. आमच्याला छोटे आटेवाले ई 14 होल्डर आहेत, कॅंडल एलईडी कुठेही मिळतात, 2700 केल्विनचेच, म्हणजे पिवळसर उजेडाचे, घ्या, पांढऱ्या उजेडात सोनं फिकं पडतं. इतर बऱ्याच जुन्या फ्रेंच लॅम्पना आपल्यासारखेच पिनवाले होल्डर असतात, मग तर कामच सोपं.

उणिवाही सांगते. पत्र्याच्या शेडमधून उजेड आरपार येत नाही, खाली एक गोल पडतो आणि थोडा वर छताला, बाकी हॉल अंधारात, एकट्या या दिव्यावर पाहुणे बसवता येत नाहीत. वजन भरपूर, घरात लहान मूल असेल तर थांबा. शेडचा हिरवा रंग एका बाजूला पोपडे धरतोय, हे मला दाखवूनच दिलं होतं, मी तो तसाच ठेवणार आहे.

काकांकडे आधी फोन करून जा, संध्याकाळीच जा म्हणजे दिवा पेटवून बघता येतो, आणि टेम्पोने मागवू नका, शेड काढून वेगळी गुंडाळून आपल्याच गाडीत मांडीवर घेऊन या.